खिडकीतल्या साहेबांची बदली

“वरच्या खोलीतल्या मॅडम कामावर निघाल्या आहेत. गल्लीत आडव्या लावलेल्या गाड्या कृपया बाजूला घ्याव्यात.”

माझ्या घरमालकांनी ही घोषणा पहिल्यांदा केली तेव्हा मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. वर परत जावं की खाली उतरावं, मला कळेना. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एकाने खरोखरच आपली मोटरसायकल उचलून भिंतीला लावली. मी मान खाली घालून इतक्या वेगाने गल्ली ओलांडली की बघणाऱ्याला वाटलं असेल, मॅडमची बस सुटते आहे. बस वगैरे काही नव्हती. माझी लॅब पुढच्याच चौकात होती.

मी वणीची. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, त्यामुळे कॉलनीजवळच्या इंग्रजी शाळेत शिकले. त्या शाळेने मला इंग्रजीत विचार करायला शिकवलं आणि मराठीत गप्प बसायला. दुकानात साबण हवा असेल तर मी नाव घेत नाही, बोट दाखवते. दुकानदाराने चुकून शेजारचा साबण दिला तर तोच घेऊन येते आणि महिनाभर वापरते. आर्णीला रक्त तपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मला फार आनंद झाला, कारण रक्त काढताना बहुतेक लोक डोळे मिटून घेतात. कामाच्या वेळी आपल्याकडे कोणी बघत नाही, यापेक्षा चांगली नोकरी मला सुचत नाही. आणि घरमालक मिळाले ते आयुष्यभर बसस्टँडवर माइक धरून बसलेले.

मी त्यांना काका म्हणायची. ते दिग्रसच्या बाजूच्या एका तांड्यावरचे. “आमच्या पुरख्याइनं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पाहला,” ते सांगायचे, “मी एका जागी बसून लोकाइले मुलूख दाखोला.” एका जागी म्हणजे चौकशीच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर त्यांची खिडकी सुटली, पण सवय सुटली नाही. घराच्या समोरच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती. तिला डासांची जाळी लावलेली होती आणि त्या जाळीत, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, काकांनी कात्रीने अर्धगोल भोक कापलं होतं. डास त्या भोकातून आत यायचे आणि आवाज बाहेर जायचा.

खोली बघायला गेले तेव्हा मला घरात कोणी बोलावलं नाही. खिडकीसमोर उभं केलं.

“कुठून?” आतून आवाज आला.

“वणी.”

“कुठं जाचं?”

“कुठे नाही. इथेच राहायचं आहे.”

“एकटी का सोबत कोनी?”

“एकटीच.”

“मोठ्यानं बोला, मॅडम. मांगच्या लोकाइले बी ऐकू आलं पाह्यजे.”

मी मागे वळून बघितलं. मागे एक बकरी होती.

खोली मला मिळाली. नंतर कळलं, माझ्याआधी आलेल्या कोणालाच ती मिळाली नव्हती, कारण ते सगळे काकांना उलट प्रश्न विचारत होते. पाणी किती वेळ येतं, पंखा चालतो का. काकांच्या मते खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाने एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मी एकही विचारला नव्हता. माझ्या भित्रेपणाला आयुष्यात मिळालेलं हे एकमेव बक्षीस.

काका दोन भाषा बोलायचे असं म्हणायला हरकत नाही, खरं तर तीन. बोलताना वऱ्हाडी, घोषणा करताना शुद्ध सरकारी मराठी, आणि नातेवाइकांशी बंजाऱ्यांची गोरबोली, जिच्यातलं मला अवाक्षर कळायचं नाही. घोषणा कशाचीही व्हायची. नळ आला की, कोणाचं वासरू सुटलं की, स्वतः अंघोळीला निघाले की. “खिडकी थोड्या वेळासाठी बंद राहील. प्रवाशांनी सहकार्य करावं.” प्रवासी म्हणजे गल्लीतले लोक, आणि तेही खुशाल सहकार्य करायचे. कोणी बाहेरगावी निघालं की खिडकीपाशी थांबून बस विचारायचं. स्टँडवर जाऊन विचारण्यापेक्षा हे जवळ पडायचं. माहिती बरोबर असायचीच असं नाही.

एकदा मुकुटबनला जाणाऱ्या एका भल्या माणसाला त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात पुसदच्या बसमध्ये बसायला सांगितलं की तो बसला. मुकुटबन एका टोकाला, पुसद दुसऱ्या. संध्याकाळी तो परत आला आणि खिडकीसमोर भांडायला उभा राहिला. मला वाटलं काका आता माफी मागतील.

“फिरून आला ना सुखरूप?” काका म्हणाले. “मंग? माहिती चुकली तं चालते, भाऊ. आवाज नाई चुकला पाह्यजे. तुले माह्या आवाजात काही शंका आली व्हती?”

“नाही,” तो माणूस म्हणाला, आणि तिथेच भांडण संपलं.

मी हे वाक्य त्या रात्री वहीत लिहायला हवं होतं. माझं नेमकं उलटं आहे. माझी माहिती बहुतेक वेळा बरोबर असते आणि आवाज चुकतो. आता मी यवतमाळला असते. इथल्या घरमालकांना मी कधी जाते, कधी येते, काही पत्ता नसतो. मला हेच हवं होतं. तरी सकाळी कुलूप लावताना मी क्षणभर थांबते, का कोण जाणे.

तर काकांचा फोन. काकू वारल्यावर त्यांची एकुलती मुलगी, पुण्याला नोकरी करणारी, आपला जुना फोन त्यांना देऊन गेली होती. त्याच्या पडद्यावर शोधायचा तो लांबट डबा होता आणि डब्यात माइकचं चित्र. काकांना ते चित्र दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पलीकडे एक चौकशीची खिडकी आहे आणि तिथे कोणीतरी ड्यूटीवर बसलेला आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्याला ते साहेब म्हणायचे, कारण स्टँडवर लोक त्यांना साहेब म्हणायचे. आणि खिडकीसमोर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ असल्यामुळे फार अदबीने विचारायचे.

“नमस्कार साहेब. वरण खारट झालं तं काय कराव?”

“साहेब, भाताले खालून करप लागली. वरचा खाता येते काय?”

घर एकट्याने चालवायची त्यांना सवय नव्हती. सगळं आयुष्य जे काकूंना विचारलं ते आता साहेबांना विचारलं जायचं, खिडकीत बसून, मोठ्याने. त्यामुळे काकांच्या वरणात मीठ किती पडलं हे मला वर खोलीत कळायचं. साहेबांवर त्यांची एकच तक्रार होती. “पह्यले आपल्या साळ्याच्या लॉजचा पत्ता सांगते, मंग गाडीचा टाइम,” ते म्हणायचे. उत्तराच्या आधी येणाऱ्या जाहिरातींबद्दल होतं ते. “आमच्या काळात असं करनाऱ्याले सस्पेंड करत व्हते.”

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. काका साहेबांना काही विचारायचे आणि त्याच दिवशी मुलीचा फोन यायचा.

“बा, वरण खारट झालं का आज?”

“बा, दूध नासलं ना? उन्हात ठेवलं असेल.”

काका चक्रावून जायचे. त्यांचं फोनवरचं उत्तर ठरलेलं असायचं. मुलीने काहीही विचारलं तरी, “सगळं टाइमावर हाय.” आणि तिकडे तिला सगळं माहीत. तुला कोणी सांगितलं असं विचारलं की ती म्हणायची, “सांगतं कोणीतरी.”

पावसाळ्यात ते मोरीत घसरले. फार लागलं नाही, पण त्यांनी साहेबांना विचारलं, “कंबर लचकली तं शेकाव का थंड लावाव?” संध्याकाळी मुलीचा फोन आला, आणि या वेळी ती रागावली होती. फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर होता, मी जिन्यात होते.

“बा, आता पुढच्या वेळी पडलात की मी येऊन घेऊन जाणार तुम्हाला. पुण्याला. मग मी ऐकणार नाही.”

काकांना पुणं म्हणजे काळं पाणी. एकदा जाऊन आले होते. “सातवा मजला,” ते सांगायचे. “खिडकी हाय, मोठी हाय. पन खिडकीखाली मानूस नाई. विचारन कोन?”

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तर घोषणा झाली नाही. पहिल्यांदाच. मला हलकं वाटायला हवं होतं. मी खिडकीपाशी आले तसा आतून आवाज आला, हळू, आणि म्हणून जास्तच भीतीदायक.

“काहून सांगते तू तिले?”

“काय?”

“माह्या पोरीले. मी पडलो, माहं वरण खारट झालं, हे तिले पुन्याले कसं समजते? या घरात मी अन् तू. मी तं नाई सांगतलं.”

मी हेर आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मी! घरी आईला फोन करायचा तरी आधी मनात वाक्यं जुळवते. लॅबमध्ये कोणाचा रिपोर्ट तयार आहे हे कळवायचं असलं तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीला चहा पाजून तिला फोन करायला लावते. आणि मी म्हणे पुण्याला रोज बातम्या पुरवते. माझ्या मनात इंग्रजीत एक सुंदर भाषण तयार झालं, मुद्देसूद आणि सभ्य. तोंडातून फक्त “नाही” निघालं, आणि तेही इतकं बारीक की काका म्हणाले, “पाह्य, कबूल बी करून राह्यली.”

ते घर सोडायला सांगतील अशी भीती होती, पण त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्यावर एक डाव टाकला. साहेबांना ते आता गोरबोलीतून विचारायला लागले. म्हणजे वर बसून मी कितीही कान दिला तरी मला काही कळू नये.

“पग सुजगो छ, कांयी करू?” खालून आवाज यायचा. आणि साहेब, ज्यांना ही बोली कोणी शिकवली नव्हती, ते लग्नातली गाणी लावायचे. काका त्यांना पुन्हा विचारायचे. साहेब दुसरं गाणं लावायचे. मला आठवडाभर ढोलकी ऐकून कामावर जावं लागलं.

पण एका संध्याकाळी फोन वाजला, आणि काकांनी तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर घेतला.

“बा, पाय कशाने सुजला?” मुलगी म्हणाली.

“सगळं टाइमावर हाय,” एवढं म्हणून काकांनी फोन ठेवला. मग माझ्या दाराशी आले. एवढा जिना चढून ते कधी आले नव्हते.

“तुले आमची बोली येते काय?” त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

“‘पग’ म्हंजे काय?”

मला खरोखरच माहीत नव्हतं. “पिशवी?” मी म्हणाले.

मी आयुष्यात कुठल्याही तोंडी परीक्षेत इतकी यशस्वी झालेली नाही.

“मंग तू नाई,” ते म्हणाले. “चाल खाली. चोर पकडू.”

खाली मी त्यांचा फोन पहिल्यांदा हातात घेतला. डब्यावर बोट ठेवलं तर जुने विचारलेले प्रश्न खाली उघडले, प्रत्येकापुढे बारीक घड्याळाची खूण. वरण होतं, कंबर होती, पग होता. मध्ये मध्ये वेगळंही काही होतं. लहान मुलांच्या दाताची कीड. कंपनीतल्या सुट्टीचे नियम. पावसात स्कूटर बंद पडली तर काय करावं.

“हे तुम्ही विचारलं, काका?”

“मी कायले विचारू? ते लाईनीतले लोकं हाय.”

“कुठल्या लाईनीतले?”

“माह्या अगुदर उभे असते ते. खिडकीवर मानूस एकटा असते काय? ती दातवाली बाई तं रोज येते.”

काकांच्या कल्पनेत त्या डब्यासमोर एक रांग होती आणि ते रीतसर नंबर आल्यावर विचारत होते. दातवाल्या बाईची त्यांना काळजीही वाटायची. मला मात्र आता समजलं. समजलं की सांगावं लागतं, हा भाग मला कठीण जातो. मी फोनकडे बघतच बोलले.

“काका, हा फोन अजून पुण्याच्या ताईंच्याच खात्यावर चालतो. म्हणजे त्यांच्या नावावर. तुम्ही इथे विचारलेलं त्यांच्या फोनमध्ये दिसतं, आणि त्यांनी विचारलेलं तुमच्यात. दातवाली बाई म्हणजे ताईच.”

काका खुर्चीत बसले.

“म्हंजे मी साहेबाले विचारत व्हतो, अन् साहेब तिकडं पोरीच्या कानात सांगत व्हता?”

“तसंच काहीसं.”

“खिडकीतल्या मानसानं?”

“हो.”

“मंग या साहेबाची बदली करा,” काका म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

खातं काढून टाकायला ते तयार नव्हते, कारण नातवाचे फोटो त्यातूनच यायचे, आणि काढलं की ताईंना लगेच कळलंही असतं. मी म्हणाले, मग शोधणारं बदलू. वेगळं निवडलं की इथले प्रश्न तिकडे जमा होणार नाहीत. हे मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणाले की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीला फोनमधलं सगळं येतं, असा आर्णीत समज आहे. तो समज मी सेटिंग्ज उघडेपर्यंत टिकला.

फोन मराठीत होता.

इंग्रजीत कुठलं बटण कुठे असतं ते मला डोळे मिटून सांगता येईल. इथे मी पहिलीतल्या मुलासारखी बोट ठेवून वाचायला लागले. “प्र… प्रवे… प्रवेशयोग्यता.”

“म्हंजे काय?” काका म्हणाले.

“मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

“मराठी शब्द हाय ना?”

“हो.”

“मंग तुले काहून येत नाई?”

मी ते दाबून पाहिलं. पडद्यावरची अक्षरं एकदम एवढी मोठी झाली की एका ओळीत एक शब्दही मावेना. मी घाबरून मागे यायला गेले. “राहू दे,” काका खूश होऊन म्हणाले, “हे असंच ठेव. हे बरं केलं तू.” त्यांना वाटलं कामाला सुरुवात झाली.

शेवटी ‘शोध इंजिन’ सापडलं. आत पाच-सहा नावं आणि प्रत्येकापुढे एक गोल. जुन्या साहेबांचा गोल भरलेला. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि उमेदवारांच्या मुलाखती सुरू केल्या.

“हा कसा हाय?”

“मी वापरलेला नाही.”

“अन् हा?”

“हाही नाही.”

“तू कोनता वापरते?”

“जुनाच,” मी म्हणाले. “सगळे तोच वापरतात.”

“काहून?”

कोणीतरी फोनमध्ये आधीच भरून दिलेला गोल मी कधी हलवला नव्हता. साबणासारखंच झालं होतं.

काकांनी सगळ्यात खालचं नाव निवडलं. “याले कोनी विचारत नसन. फुरसत असन बिचाऱ्याले.” मी पडद्यावरचा जुना डबा काढून त्या जागी नवा ठेवला. काकांनी खाकरून विचारलं, “नमस्कार साहेब, पुसदची गाडी कधी हाय?” नवीन साहेबांनी पुसद नावाच्या आडनावाबद्दल काहीतरी दाखवलं.

“नवीन हाय,” काका प्रेमाने म्हणाले. “शिकन.”

दुसऱ्या दिवशी घोषणा पुन्हा सुरू झाली, आणि मी जिन्यावर न थांबता उतरले. मला वाटलं मी एका माणसाला पुण्यापासून वाचवलं. लॅबमध्ये त्या दिवशी मी स्वतः दोघांना रिपोर्टचे फोन केले.

घर शांत झालं. ताईंचे फोन यायचे, पण बोलणं एका मिनिटात संपायचं. काका म्हणायचे सगळं टाइमावर हाय, आणि पलीकडून विचारण्यासारखं काही उरलेलं नसायचं. काका विजयी मुद्रेने फोन ठेवायचे. मलाही तेवढंच दिसत होतं. मी सगळं बारकाईने बघते असा माझा स्वतःबद्दल समज आहे.

एका सकाळी मी नळावर बादली लावून उभी होते आणि फाटकातून एक बाई आल्या. रात्रभराच्या प्रवासाने केस विस्कटलेले, खांद्याला बॅग. त्यांनी मला बघितलं.

“बा कुठे आहेत?”

मला शब्द सुचेना. माझा चेहरा अशा वेळी काय सांगतो मला माहीत नाही, पण काहीतरी वाईट सांगत असावा, कारण त्यांच्या खांद्यावरची बॅग खालीच पडली. मी घाईघाईने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे काका दोरीवर लुंगी वाळत घालत होते, जिवंत आणि गुणगुणत.

ताई तिथेच पायरीवर बसल्या.

“अवं याडी,” काका म्हणाले. याडी म्हणजे आई, पण लाडाने ते मुलीला तसंच म्हणायचे. “तू अशी कशी आली?”

“तुम्ही विचारणंच बंद केलं, बा. वरण नाही, दूध नाही. काहीच नाही. मला वाटलं…” त्या थांबल्या. “मला काय काय वाटलं.”

“बदली केली त्याची,” काका म्हणाले, आणि मग एका दमात, “मी नाई. या मॅडमनं केली.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी “सॉरी” म्हणाले. मराठीत यासाठी चांगले शब्द आहेत, ते मला दुपारी आठवले.

“तू माह्यावर पाळत ठेवत व्हती,” काका म्हणाले.

“पाळत नाही, बा. ते आपोआप दिसायचं. बंद करायचं मी ठरवलं होतं, पण मग तुमचं मला काय कळलं असतं? फोनवर तुम्ही कधी खरं सांगता? आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा मी विचारलं, तर सगळं टाइमावर हाय. मी दुसऱ्या दिवशी निघाले. पोचले तेव्हा…”

काका दोरीवरची लुंगी सरळ करत राहिले, ती आधीच सरळ होती.

“तुमचे खरे शब्द मला त्या डब्यातच मिळायचे,” ताई म्हणाल्या. “आता तेही नाहीत. बॅग भरा. संध्याकाळच्या गाडीने निघू.”

मी बादलीकडे बघत होते. बादली कधीची भरून वाहत होती. आपण इथून अदृश्य व्हावं असं मला वाटत होतं, आणि नेमकं तेव्हाच काकांचा हात माझ्या दिशेने वर गेला.

“हे सांगत जाईन तुले,” काका म्हणाले. “रोज. खरं खरं.”

“कोण?”

“हे मॅडम.”

ज्या कामाचा आरोप माझ्यावर झाला होता आणि ज्यातून मी निर्दोष सुटले होते, त्याच कामावर त्यांनी माझी नेमणूक केली. ताई उठून माझ्यासमोर आल्या. “सांगाल? रोज? खोटं नाही बोलणार?”

मी मान डोलावली.

“तोंडाने सांगा.”

“हो,” मी म्हणाले. या वेळी ते ऐकू गेलं.

“दिवाळीपर्यंत बघू,” ताई म्हणाल्या. “एकदा जरी मला नंतर काही कळलं तर मग पुणं.”

त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या. पहिला फोन करायचा होता त्या संध्याकाळी मी वाक्यं पाठ करून खाली उतरले. काका मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय गरम पाण्याच्या बादलीत होता.

“काय झालं?”

“काई नाई. काल सांजचं. तिची गाडी सुटली अन् मी फाटक लावाले गेलो तं दगडावरून पाय गेला.” त्यांनी दाराबाहेर बघून घेतलं. “तिले सांगू नको. सगळं टाइमावर म्हन.”

“काका, मी हो म्हटलंय त्यांना.”

“मंग हो म्हन, पन हे नको म्हनू. पुन्याले नेईन ते मले.”

मी नंबर लावला. काकांनी फोन मोठ्या आवाजावर करायला लावला आणि डोळ्यांनी मला ताकीद देत बसले. पाठ केलेली सगळी वाक्यं गेली.

“हॅलो,” ताई म्हणाल्या. “कसे आहेत बा?”

“बरे आहेत.”

“जेवले?”

“दुपारी जेवले.”

“पडले वगैरे नाहीत ना?”

काकांनी पाय चोळणारा हात बादलीतून काढून जोरात हलवला. पाणी माझ्या ओढणीवर उडालं.

“आज नाही पडले,” मी म्हणाले. “काल पडले होते.”

काकांनी डोळे मिटले, जसे लोक सुई टोचायच्या आधी मिटतात.

मी पुढे बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. “घोटा सुजलाय. टेकून चालतात. मी बर्फ आणते आणि उद्या आमच्या लॅबशेजारच्या डॉक्टरांना दाखवते. हाड मोडलेलं वाटत नाही, पण मला हाडांतलं कळत नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या. त्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. “गरम पाण्यात पाय ठेवू नका म्हणावं. सूज वाढते. उद्या डॉक्टर काय म्हणतात ते कळवा मला.”

“हो.”

“ठेवते मग.”

फोन बंद झाला. काकांनी मुकाट्याने बादलीतून पाय बाहेर काढला आणि फरशीवर ठेवला. मी ओढणी पिळत उभी राहिले.

“पुन्याचं काय म्हने?”

“काही नाही.”

“काईच नाई?”

“नाही. उद्या कळवा म्हणाल्या.”

काकांनी सदऱ्याची डावी बाही वर केली. कोपराला मोठं खरचटलं होतं, वर हळद दाबलेली.

“मंग लाव परत,” ते म्हणाले. “हे बी सांगून टाक.”